छतावर सिलिकॉन, टाकीत प्रथिन

घोडबंदर रस्त्यावरची सोसायटी असो की खारघर-ऐरोलीतली, सर्वसाधारण सभेत गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय निघाला की हल्ली एक नवाच आक्षेप ऐकू येतो. "एवढी घाई कशाला? एआय आता कृत्रिम प्रथिनं रचू लागलंय. उद्या पानासारखा रंग भिंतीला फासला की वीज तयार." समोरून उत्तरही ठरलेलं असतं. "झाडाचं पान उन्हातला एक टक्का वापरतं, पॅनेल बावीस टक्के. असल्या संशोधनावर पैसा घालवणं ही शुद्ध उधळपट्टी." दोन्ही वाक्यांना टाळ्या मिळतात, आणि दोन्ही पक्ष एकाच टक्क्यावरून भांडत राहतात. आमचं म्हणणं असं, की हा टक्काच या वादात गैरलागू आहे. गच्चीवर पॅनेल बसवावं आणि आजच बसवावं. कृत्रिम प्रथिनांचं संशोधनही चालू राहावं, पण वीज मिळवायला नव्हे. त्यांच्याकडे किलोवॅट मागणं म्हणजे सोनाराकडे कुदळ घडवायला टाकणं.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण ‘कृत्रिम पान’ या लाडक्या शब्दानेच निम्मा गोंधळ घातला आहे. झाडातलं सौरयंत्र म्हणजे प्रथिनांच्या सांगाड्यात नेमक्या अंतरांवर बसवलेली रंगद्रव्यं. पाण्यातून इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजन सोडणाऱ्या ‘फोटोसिस्टिम-दोन’ची बारीकसारीक रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये उलगडली. त्याच्या एका एककात वीसेक प्रथिनसाखळ्या, हरितद्रव्याचे ३५ रेणू आणि बीटा-कॅरोटीनचे ११ रेणू आहेत. अब्जावधी वर्षांच्या उत्क्रांतीत जमलेल्या या पसाऱ्यात कामाचं काय आणि जुनं सामान म्हणून राहिलेलं काय, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लेस्ली डटन यांच्या गटाने उलट वाट धरली. निसर्गातलं एकही प्रथिन न घेता चार हेलिक्सची, म्हणजे स्प्रिंगसारख्या वळलेल्या साखळ्यांची, साधी मोळी कोऱ्या कागदावर रचायची आणि तिच्यात एकेक भाग बसवत जायचं. १९९४ मध्ये अशा मोळीत हीम (रक्ताला लाल करणारं लोहयुक्त रंगद्रव्य) बसलं, आणि २०२२ मध्ये त्याच परंपरेतून प्रकाशाने विद्युतभार वेगळे करणारं, मुळापासून रचलेलं केंद्र प्रसिद्ध झालं. प्रथिनाच्या कण्याला कोणते कोन झेपतात आणि कोणते नाहीत, याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला होता. आजचं प्रत्येक रचलेलं प्रथिन त्या नकाशावर तपासलं जातं. तेव्हा ‘हे आपलं काम नव्हे’ असं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं लक्षात ठेवावं.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो आम्ही पूर्ण मान्य करतो. भर दुपारी चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं. बावीस टक्क्यांचं पॅनेल त्यातून २२० वॅट काढतं. एप्रिलात गच्चीवरचं पॅनेल साठ अंशांपर्यंत तापलं की यातला दहा-बारा टक्के हिस्सा गळतो, तरी दोनशेच्या आसपास हाती राहतात. भातासारख्या पिकाची सैद्धांतिक कमाल मर्यादा ४.६ टक्के, आणि शेतात प्रत्यक्षात एक टक्काही जेमतेम. कुणी म्हणेल, पान इंधन साठवतं आणि पॅनेल नुसती वीज देतं, मग ही तुलना अन्यायाची नाही का? आहे. पण ती न्याय्य केली तरी निकाल बदलत नाही. पॅनेलची वीज इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला, दिली तर किलोभर हायड्रोजनला पन्नास-पंचावन्न युनिट लागतात, आणि त्या हायड्रोजनमध्ये तेहतीस युनिटांची ऊर्जा परत मिळते. म्हणजे ऊन ते इंधन असा हिशोब तेरा-चौदा टक्क्यांवर थांबतो. पान तिथेही मागेच.

रंगाचा पापुद्रा फासून वीज मिळवायची कल्पना तर साध्या अंकगणितातच अडकते. चार हेलिक्सची मोळी उभी ठेवली तर तिला तीन नॅनोमीटर लांबी-रुंदीची जागा लागते. पृष्ठभागावर अशा मोळ्या खेटून लावल्या आणि प्रत्येकीत हरितद्रव्याचा एक रेणू असला, तर त्या एका थरात रंगद्रव्याच्या सर्वात आवडत्या रंगाचाही अर्धा टक्काच प्रकाश अडतो. नव्वद टक्के अडवायचा तर पाचशेहून अधिक थर हवेत. पण इलेक्ट्रॉन प्रथिनातून उड्या मारत जातो, आणि दर १.७ अँगस्ट्रॉम (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर) अंतर वाढलं की उडीचा वेग दहापट घटतो. चौदा अँगस्ट्रॉमच्या पुढे तर कामाची उडीच नाही, म्हणून निसर्गातली केंद्रंही हीच मर्यादा पाळतात. पाचशे थरांतून शेवटच्या इलेक्ट्रॉनला तारेपर्यंत कोण आणणार? वजनाचं पाहा. नव्वद टक्के शोषणाला चौरस मीटरमागे दीड ग्रॅम प्रथिन लागतं. लिटरभर जिवाणूंतून पन्नास मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन निघालं तर प्रयोगशाळेत समाधान मानतात. म्हणजे एका चौरस मीटरसाठी तीस लिटर. हा शेवटचा आकडा मात्र निसर्गनियम नाही. धुण्याच्या पावडरीतले एन्झाइम, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारी प्रथिनं, बनवणारे कारखाने लिटरला दहा-वीस ग्रॅम काढतात. वजनाची अडचण सुटू शकते. अंतराची सुटत नाही.

आणि समजा तीही सुटली, तर टिकण्याचं काय? पालकाची पानं वाटून त्यांचा हिरवा अर्क बाटलीत भरून उन्हात ठेवा, बघता बघता फिका पडतो. उत्तेजित हरितद्रव्य शेजारच्या ऑक्सिजनला ऊर्जा देतं, त्यातून आक्रमक जातीचा ऑक्सिजन तयार होतो, आणि तो रंगद्रव्यावर तसाच हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन या अमिनो आम्लांवर तुटून पडतो. पान यावर दोन उपाय करतं. पहिला म्हणजे कॅरोटीन. ते ही जादा ऊर्जा शोषून उष्णतेत विरघळवतं, म्हणून तर ३५ हरितद्रव्यांमागे ११ पहारेकरी. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग याच घराण्यातला, शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन अंगात भिनलेला. दुसरा उपाय अधिक खर्चिक आहे. फोटोसिस्टिम-दोनच्या गाभ्यातलं डी-वन प्रथिन कडक उन्हात अर्ध्या-एक तासात निकामी होतं, आणि पान ते उपसून काढून जागी नवं बसवतं. भिंतीवरच्या पापुद्र्याला असं दुरुस्ती खातं कुठून आणणार? पॅनेलवाला पंचवीस वर्षांची हमी देतो, ती उगाच नाही.

इथवर वाचून ‘उधळपट्टी’वाले खूश झाले असतील. त्यांच्याकडे परत येऊ. आधी ‘एआय सगळं सोडवील’ म्हणणाऱ्यांचा समाचार. संगणकावर प्रथिनं रचण्यासाठी आणि त्यांचे आकार ओळखण्यासाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं ते रास्तच. सात-आठ वर्षांपूर्वी जो सांगाडा रचायला महिने लागत, तो आता दुपारच्या चहापर्यंत पडद्यावर येतो. पण ही साधनं शिकली आहेत ती दोनेक लाख प्रथिनांच्या आकारांवरून. इलेक्ट्रॉन किती वेगाने उडेल, परत किती वेगाने येईल, रंगद्रव्याची उत्तेजित अवस्था किती टिकेल, याची मोजमापं फार थोड्या प्रथिनांची झाली आहेत. मोजलंच नाही ते यंत्र शिकणार तरी कशावरून?

शिवाय पडद्यावरून नळीत येईपर्यंत काय काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. मोळी रचताना दर सात अमिनो आम्लांमागे पहिलं आणि चौथं तेलकट निवडतात, बाहेरच्या अंगाला पाण्याशी जुळणारी. ज्या धातूला धरायचं त्याच्या समोर आतल्या बाजूला हिस्टिडीन. जनुक बनवून घ्यायचं, ई. कोलाय जिवाणूत घालायचं, जिवाणू मध्यम दाटीला आले की आयपीटीजी हे जनुक चालू करणारं रसायन देऊन अठरा अंशांवर रात्रभर वाढवायचे, पेशी फोडायच्या, निकेलच्या स्तंभातून प्रथिन गाळून घ्यायचं. इथे पहिला धोका म्हणजे सगळं प्रथिन गोळा होऊन पेशीत गाळासारखं बसतं. दुसरा अधिक फसवा. तेलकट गाभा इतका एकसारखा होतो की हेलिक्स एकमेकींवर घसरत राहतात, मोळी बांधलेली दिसते पण आत काहीच जागेवर नसतं. मग रंगद्रव्य. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून थेंबाथेंबाने मिसळावं लागतं. घाई केली की रेणू आत जाण्याऐवजी बाहेरून चिकटतात किंवा एकमेकांना बिलगतात. नळी सुंदर हिरवी दिसते आणि उत्साही माणूस फोटो काढून पाठवतो. पण हिरवा रंग म्हणजे काम झालं असं नव्हे. आकारानुसार वेगळं करणाऱ्या स्तंभातून ते पुन्हा जावं लागतं, प्रथिनामागे किती रेणू हे मोजावं लागतं, आणि मगच लेसरखाली ठेवायचं. तिथे खरी परीक्षा वेळेची असते. भर उन्हात हरितद्रव्याच्या एका रेणूला सेकंदाला दहाएक फोटॉन मिळतात, म्हणजे एकानंतर दुसरा यायला शंभर मिलिसेकंद. हायड्रोजन बनवायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. पहिला तेवढा वेळ थोपवून धरता आला नाही तर तो मागे परततो आणि सगळं ऊन नुसती उष्णता होतं. म्हणून पानात एका केंद्रामागे दोन-तीनशे हरितद्रव्यं फोटॉन गोळा करायला उभी असतात. कोऱ्या कागदावरच्या मोळीत भार मिलिसेकंदांच्या पट्टीवर टिकवता येऊ लागला हे यश मोठं आहे. भिंतीला लावायच्या रंगाशी मात्र त्याचा काही संबंध नाही.

अशी कुठलीही बातमी वाचताना आम्ही टक्का सोडून आधी दुसरंच शोधतो. इलेक्ट्रॉन आला कुठून? पाण्यातून इलेक्ट्रॉन काढणं हे निसर्गाचं सगळ्यात अवघड काम. प्रयोगशाळेत ते टाळून ट्रायइथेनॉलअमाइन किंवा अस्कॉर्बिक आम्लासारखा, स्वतः खर्ची पडणारा दाता टाकतात. यंत्राचा एक भाग तपासायला हे योग्यच आहे. पण बातमीत तो दाता गायब होतो. दोन ग्रॅम हायड्रोजनमागे १४९ ग्रॅम ट्रायइथेनॉलअमाइन जळतं, म्हणजे एका किलोला पंचाहत्तर किलो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. यानंतरचा प्रश्न, प्रयोग आर्गॉन या निष्क्रिय वायूखाली झाला की हवेत? गच्चीवर एकवीस टक्के ऑक्सिजन असतो, तो मीटर बसवून बंद करता येत नाही.

मग हे सगळं बंद करावं का? इथे उधळपट्टीवाल्यांना थांबवायला हवं. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट दाखवला तेव्हा तो सहा टक्क्यांचा होता आणि त्याच्या विजेची किंमत हसण्यावारी नेण्यासारखी. कोळशाच्या विजेशी तुलना करून त्याला तिथेच गाडून टाकता आलं असतं. पण १९५८ मध्ये तो व्हॅनगार्ड-एक उपग्रहावर चढला, कारण तिथे कोळसा पोचवायची सोय नव्हती. जिथे दुसरं कुणी टिकूच शकत नाही अशी जागा त्याला मिळाली, आणि स्वस्त तो पुढे पोटापाण्याला लागल्यावर झाला. कृत्रिम प्रथिनाची अशी जागा कोणती, हा विचारायचा प्रश्न आहे. आमच्या मते ती जागा गच्ची नाही. ती ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे.

महापे, रबाळे, पावणे, तुर्भे या पट्ट्यात रंग, औषधी मध्यस्थ (औषध बनण्याआधीच्या टप्प्यातली रसायनं) आणि विशेष रसायनं बनवणारे कारखाने दाटीवाटीने आहेत, आणि कुंपणांना वस्त्या चिकटल्या आहेत. तिथे उच्च दाबाचा हायड्रोजन, दुर्मिळ धातूंचे उत्प्रेरक आणि पिंपंच्या पिंपं द्रावक ही रोजची गोष्ट. प्रथिनाचं खरं कसब इथे लागतं, कारण ते रेणूला नेमक्या बाजूने धरतं. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनचं उदाहरण घ्या. त्याच्या उत्पादनात रोडियम आणि दाबाखालचा हायड्रोजन लागे. २०१० मध्ये सत्तावीस बदल केलेल्या एका एन्झाइमने ती पायरीच काढून टाकली, उत्पादन दहा ते तेरा टक्क्यांनी वाढलं आणि कचरा १९ टक्क्यांनी घटला. त्या एन्झाइमला कुणी ‘किती टक्के ऊन वापरतोस’ असं विचारलं नाही.

यावर जाणकार विरोधक एक चांगला मुद्दा काढतील. एन्झाइम हवं तर घ्या, पण प्रकाश कशाला? पॅनेलची वीज इलेक्ट्रोडला द्या, इलेक्ट्रोडकडून एन्झाइमला, सगळं अंधाऱ्या टाकीत. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि नुसता इलेक्ट्रॉन पुरवायचा असेल तिथे असंच करावं. पण काही अभिक्रियांत उत्तेजित अवस्था हेच हत्यार असतं. दोन दुहेरी बंध जोडून चार कार्बनांची चौकट बनवण्याची अभिक्रिया अंधारात सहसा होत नाही. प्रकाशात होते, पण डावा-उजवा दोन्ही रेणू सारखेच निघतात, आणि औषधात त्यातला एकच चालतो. २०२२ मध्ये मँचेस्टरमध्ये अँथनी ग्रीन यांच्या गटाने आणि त्याच सुमारास एका चिनी गटाने बेंझोफिनोन जातीचं रंगद्रव्य प्रथिनाच्या खोबणीत अमिनो आम्ल म्हणूनच विणलं. त्या खोबणीत ही अभिक्रिया हवी त्या हाताची होते. मँचेस्टरचं एन्झाइम तर उघड्या हवेत, नेहमीच्या तापमानाला चालतं. वर ऑक्सिजनची जी भीती घातली, तिला मिळालेलं हे प्रामाणिक उत्तर आहे.

यातली गंमत अशी, की बेंझोफिनोनला अतिनील प्रकाश लागतो, आणि उन्हात तो पाचेक टक्केच असतो. त्यामुळे हा कारखाना उन्हात उभा राहणारच नाही. तो शेडमध्ये, एलईडीच्या प्रकाशात, पावसाळ्यातही तिन्ही पाळ्यांत चालेल, आणि त्या एलईडींना वीज शेडच्या छपरावरची पॅनेलं आणि महावितरण देतील. म्हणजे ‘सौर’ हा शब्द संशोधनाच्या नावातून गळून पडतो. अनुदानाच्या अर्जात तो शोभून दिसतो हे आम्हाला ठाऊक आहे, पण वादाचं सगळं खापर त्याच एका शब्दावर फोडावं लागतं. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात इटालियन रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी वाळवंटात काचेच्या नळ्यांची जंगलं उभी राहतील, धूर नसलेले कारखाने चालतील असं चित्र रंगवलं होतं. शतक उलटून गेलं. वाळवंटात काच उभी राहिली ती सिलिकॉनवरची. अलीकडचा धडाही आहेच. २०११ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ डॅनियल नोसेरा यांच्या ‘कृत्रिम पाना’चा केवढा गाजावाजा झाला, टाटांचा पैसाही त्यांच्या कंपनीत होता. त्यात प्रथिन नव्हतं, सिलिकॉन आणि धातूंचे उत्प्रेरक होते. काही वर्षांत कंपनी पान बाजूला ठेवून बॅटरीकडे वळली आणि २०१४ मध्ये विकली गेली. रसायन खोटं नव्हतं. त्याच्याकडून भलतंच काम मागितलं गेलं.

आता सभेच्या विषयपत्रिकेकडे. ठाणे-नवी मुंबईत एक किलोवॅट पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. पन्नास किलोवॅटची गच्ची ‘नवं तंत्र येऊ दे’ म्हणून दहा वर्षं मोकळी ठेवली तर सात लाख युनिटांवर पाणी सोडलं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत लिफ्ट, पंप अशा सामायिक वापरासाठी सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. पॅनेलचे पाय रोवण्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकून घ्यावं, पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या टॉवरची सावली दुपारी कुठे पडते ते पाहावं. खरे वाद तिथे आहेत, प्रथिनांवर घालवायला वेळ नाही.

आणि प्रथिनांवरच्या सरकारी पैशाबद्दल. २०२४ मध्ये केंद्राने बायो-ई-थ्री धोरण मंजूर केलं, त्यात जैविक रसायनं आणि एन्झाइम हा स्वतंत्र विषय आहे. या प्रकारचं काम तिथे बसतं. पैसा थोडा द्यावा, पण दहा वर्षं सलग द्यावा, आणि तो लेसर, वर्णपटमापक नि मोजणारी माणसं यांवर जावा. प्रात्यक्षिकाच्या चकचकीत भिंतींवर नको. हिशोब मात्र किलोत मागावा. मँचेस्टरच्या एन्झाइमचा एक रेणू बाद होण्याआधी तीनशेहून अधिक वेळा काम करतो. पस्तीसेक हजार डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) प्रथिन आणि दोनशेच्या आसपास वजनाचं उत्पादन धरलं, तर किलोभर प्रथिनामागे निघतं जेमतेम दोन किलो. औषधी मध्यस्थांच्या धंद्यात निदान पन्नास-शंभर किलो निघाल्याशिवाय पावण्यातला कुठलाही कारखानदार आपली टाकी रिकामी करून देणार नाही.